नागपुरात कमी कार्बनची वसाहत उभारायची, तर सुरुवात कुठून करावी

२६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जमिनीत उभी रोवलेली काठी सावलीच टाकत नाही. इथे दहा-बारा घरांची वसाहत बांधायचा विचार असेल, तर त्या दिवशी प्लॉटवर जाऊन हे डोळ्यांनी बघा आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत तिथून हलू नका. डोक्यावरचं ऊन छपरावर पडतं, छपराचा बंदोबस्त करता येतो. पण चारनंतर पश्चिमेकडून जे आडवं ऊन येतं ते थेट भिंतीवर आणि खिडकीवर येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. आमच्या बारा कुटुंबांच्या गटात दिशेवरून तीन महिने वाद चालला होता. तो अशाच एका दुपारी, करंजाच्या सावलीत बसून, मिटला.

हा लेख अशाच नवख्या गटांसाठी आहे. इमारतीचा कार्बन, म्हणजे तिच्यामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, तीन खात्यांवर पडतो: बांधताना लागणारं सिमेंट, लोखंड आणि विटा, राहताना जळणारी वीज, आणि रोजच्या येण्याजाण्याचं पेट्रोल. बहुतेक जण फक्त दुसरं खातं बघतात, गच्चीवर सोलर बसवतात आणि काम झालं म्हणतात. माझं मत अगदी उलट आहे. जागा, दिशा, सावली आणि भिंत आधी ठरवा, यंत्र शेवटी आणा.

जगातल्या गाजलेल्या वसाहतींनीही हेच दाखवलं. दक्षिण लंडनमध्ये २००२ साली बेडझेड नावाची सुमारे शंभर घरांची वसाहत उभी राहिली. लाकडाच्या तुकड्यांवर वीज आणि गरम पाणी देणारं तिथलं संयंत्र काही वर्षांतच बंद पडलं. जाड भिंती आणि दक्षिणेकडची काचेची ओसरी मात्र आपलं काम करत राहिली. अबुधाबीजवळच्या मस्दार शहरात विनाचालक गाड्यांचं जाळं सगळ्या शहरभर करायचं ठरलं होतं, ते पुढे सोडून द्यावं लागलं. अरुंद, सावलीच्या गल्ल्या टिकल्या. आपल्या नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतल्या गल्लीतून मे महिन्यात चालून बघा, गल्ली अरुंद का ठेवली ते पायांना कळतं.

पण तिकडची घरं जशीच्या तशी उचलू नका. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये दक्षिणेला मोठमोठ्या काचा आहेत, कारण त्यांना हिवाळ्यात ऊन आत घ्यायचंय. आपल्याला वर्षातले निदान चार महिने ते बाहेर ठेवायचंय. त्यांच्याकडून घ्यायची ती विचार करायची रीत, घराचा आकार नाही.

पायरी १: जमिनीआधी माणसं

डेन्मार्कमध्ये १९७२ साली साटेडामेन नावाची वसाहत झाली. ओळखीच्या कुटुंबांनी एकत्र येऊन आपापली छोटी घरं आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं सामाईक घर बांधलं: जेवणाची जागा, पाहुण्यांची खोली, मुलांना खेळायला जागा. फ्रायबुर्गच्या फाउबान भागातही अनेक इमारती बिल्डरने नाही, तर राहणाऱ्यांच्या गटांनीच स्वतः बांधून घेतल्या.

यातलं खरं मोल सामाईक खोलीत आहे. आपण प्रत्येक जण वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक खोली बांधतो. बारा घरांच्या बारा खोल्यांऐवजी तीन सामाईक खोल्या बांधल्या, तर नऊ खोल्यांचं सिमेंट, लोखंड, विटा आणि पैसा वाचतो. न बांधलेल्या खोलीइतका कमी कार्बन कुठल्याच तंत्राने साधत नाही. आमच्या गटात हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एका काकूंचा प्रश्न रास्त होता: "माहेरची माणसं आली तर त्यांना दुसऱ्याच्या दारातून न्यायचं का?" म्हणून आम्ही त्या खोल्या प्रवेशाजवळ, स्वतंत्र दाराच्या ठेवल्या.

पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी लेखी ठरवा: घराचं कमाल क्षेत्रफळ, गट सोडणाऱ्याचे पैसे कसे आणि कधी परत करायचे, आणि देखभालीचा दरमहा हप्ता. सहकारी संस्था नोंदवायची की आणखी काही करायचं, हे वकिलाला आणि सीएला सोबत बसवून ठरवा.

पायरी २: जागा

सातबारा, फेरफार, विकास आराखड्यात जमीन पिवळ्या (रहिवासी) पट्ट्यात आहे की हिरव्या (शेतीच्या), बिगरशेतीचं (एन.ए.) काय आहे, पोचरस्ता कागदावर आहे का, हे सगळं वकील बघेल. वकील बघणार नाही अशा तीन गोष्टी तुम्ही बघा.

एक, पाणी कुठून वाहतं. आम्हाला मध्यस्थाने एक प्लॉट जानेवारीत दाखवला. कोरडा, सपाट, देखणा. टोकन द्यायच्या बेतात होतो. सुदैवाने व्यवहार लांबला आणि जुलैत पुन्हा गेलो तेव्हा ईशान्येच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी होतं, बेडूक ओरडत होते. तो जुना नाला होता, भर घालून बुजवलेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. जमीन पावसाळ्यात बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाला कुठून जायचा हे त्याला नकाशापेक्षा नीट ठाऊक असतं.

दोन, माती. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर साधा पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरके तडे जातात. घर दुरुस्त करत राहणं हाही कार्बनच. माती परीक्षण करून घ्या. काळा थर पातळ असेल तर तो काढून खालच्या घट्ट मुरमावर पाया बसवता येतो. थर जाड असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, लागतात; रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ही पद्धत विकसित केली. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, तिथवर मातीचं फुगणं-आकसणं फारसं पोचत नाही.

तीन, अंतर. हा हिशेब कागद-पेन घेऊन करा. तीन किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण १२ युनिट देतं. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोज साडेआठ किलोच्या आसपास वाचतो. आता वसाहत शहरापासून २० किलोमीटरवर आहे आणि घरातली एक कार रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर धावते. लिटरला १६ किलोमीटर धरले तर अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे जवळपास पावणेसहा किलो. गच्चीवर मिळवलेल्यातलं दोन तृतीयांश एका गाडीनेच खाल्लं, आणि दुसरी गाडी असेल तर खातं उणेत गेलं. म्हणून स्वस्त एकराच्या मोहात लांब जाऊ नका. वर्धा रोड, हिंगणा रोड, कामठी रोड, भंडारा रोड अशा मेट्रोच्या मार्गांपासून सायकलच्या अंतरावर लहान जागा मिळाली तरी ती घ्या. फाउबानमध्ये गाड्या वस्तीच्या कडेच्या पार्किंगमध्ये ठेवतात, आणि २००६ पासून ट्राम थेट वस्तीत येते. गाडी दारात नसली की माणूस आधी पायी आणि सायकलनेच निघतो.

पायरी ३: आखणी

घरांच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला ठेवा, अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला. नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, मे-जूनमध्ये जवळपास डोक्यावर. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्यात ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात आपसूक येतं. उत्तरेच्या खिडकीला लहान छज्जा आणि बाजूला उभी पट्टी पुरते.

पश्चिमेला राहण्याची खोली नको. तिथे जिना, संडास-बाथरूम, सामान ठेवायची खोली असं काहीतरी घाला, म्हणजे ऊन तिथेच अडतं. वास्तुशास्त्राचा आग्रह असलेली मंडळी प्रत्येक गटात असतात. त्यांच्याशी भांडू नका, आर्किटेक्टला दोन-तीन पर्याय काढायला सांगा. बहुतेक वेळा मार्ग निघतो.

झाडं घर बांधायच्या आधी लावा. पश्चिमेच्या कडेला कडुनिंब आणि करंज. दोघांनाही मार्च-एप्रिलात नवी पालवी येते आणि ऐन मे महिन्यात ती गर्द हिरवी असतात. पळस देखणा, विदर्भाचा लाडका, पण ऐन फुलोऱ्यात त्याच्यावर पान नसतं. तो कुंपणाला लावा, भिंतीला सावली द्यायला नको. गुलमोहराच्या फांद्या वादळी पावसात तुटतात; घराजवळ तोही नको.

पायरी ४: भिंत आणि सिमेंट

इथे थोडं थांबायला हवं, कारण बांधकामाचा मोठा कार्बन इथेच ठरतो. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग हाच, उरलेला इंधनाचा. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा निम्मा भाग सुटतच नाही. त्यामुळे सिमेंटमध्ये भाजलेली चुनखडी कमी असणं आणि मुळात सिमेंटच कमी वापरणं, हेच मार्ग.

नागपूरला यात एक सोय आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रं आहेत आणि त्यांची राख डोंगराएवढी साठते. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळपणे ४०० पोती, म्हणजे २० टन सिमेंट लागतं. साध्या, बिनराखेच्या सिमेंटमध्ये (ओपीसी) ते १६-१७ टन कार्बन डायऑक्साइड होतं, तीस टक्के राखेच्या पीपीसीत बाराच्या जवळ येतं. हा फरक म्हणजे तीन किलोवॉटच्या सोलरची जवळपास दीड वर्षाची बचत, आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही. दुकानात "पीपीसीच द्या" म्हणायचं आणि पोत्यावर बघून घ्यायचं. एक पथ्य मात्र आहे: राखेचं सिमेंट ताकद हळू पकडतं. नागपूरच्या उन्हात त्याला निदान चौदा दिवस पाणी द्या. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. घाई करणाऱ्या ठेकेदाराचं इथे ऐकू नका.

विटाही राखेच्याच घ्या. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, साच्यात दाबून पाण्यावर मुरवतात, आणि मापात एकसारख्या असल्याने गिलाव्याला माल कमी लागतो. घेण्याआधी दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. एक वीट रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कडा भुगा झाल्या तर ती गाडी परत पाठवा. बेडझेडमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक माल ५६ किलोमीटरच्या आतून आणला होता. नागपुरात राखेची वीट, मुरूम आणि काळी गिट्टी याच वर्तुळात मिळते.

आता भिंत रचायची पद्धत. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी उंदीरपिंजरा बांधणी, म्हणजे रॅट-ट्रॅप बाँड, लोकप्रिय केली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवायच्या, मध्ये साधारण तीन इंचांची पोकळी राहते. नऊ इंची भिंतीला विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात, आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. आमच्या मिस्त्रीकाकांना हे पटेना. "मधात पोकळ ठेवली तं भिंत टिकंन काय, साहेब?" आम्ही वाद घातला नाही. सहा फूट लांब, चार फूट उंच अशी नमुन्याची भिंत प्लॉटच्या कोपऱ्यात त्यांच्याच हातून बांधून घेतली, पंधरा दिवस पाणी दिलं. मग ते स्वतः तिच्यावर चढून उभे राहिले, टाचेने दोनदा ठोकून पाहिलं आणि काही न बोलता खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आपल्या पोरांना विटेची कड कशी धरायची ते शिकवत होते. नमुन्याची भिंत बांधायला फार पैसे लागत नाहीत, ती बांधाच. अशा भिंतीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या कडेला उभी सळई लागते, आणि वायरिंगच्या नळ्या बांधतानाच पोकळीतून न्याव्या लागतात. नंतर भिंत फोडली तर सगळं वाया.

पायरी ५: छप्पर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, काही वर्षी ४७ लाही टेकतो. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहिलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. उपाय जुनाच आहे: पांढरं छप्पर. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेली गच्ची, सगळ्यात टिकाऊ. ते नको असेल तर दर फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात. पांढऱ्याला पर्याय म्हणून कोणी महाग आवरणं विकायला आलं, तर आधी एका खोलीवर चुना आणि शेजारच्या खोलीवर ते आवरण लावून आतलं तापमान मोजून बघा.

फिलर स्लॅबचाही विचार करा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही. तिथे सळयांच्या मध्ये कौलं किंवा मातीची भांडी ठेवून काँक्रीट वाचवता येतं. सेंट्रिंगवाल्याने हे काम पूर्वी केलेलं असलं पाहिजे, नाहीतर नको.

पायरी ६: थंडावा

कूलर हे विदर्भाचं स्वतःचं कमी कार्बनचं यंत्र आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास खातो, घरगुती कूलर दोनशेच्या आसपास. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर इथे चालतो तसा मुंबईत कधीच चालणार नाही. पण तो सावलीच्या बाजूला, उत्तरेला किंवा पूर्वेला बसवा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली कोंदट होते. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या जाळ्या दर वर्षी बदला. त्याचं पाणी रोजच्या हिशेबात आधीच धरा.

पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी. तेव्हा समोरासमोर खिडक्या आणि पंखा. जुन्या पंख्याला ७५ वॉट लागतात, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला तीसच्या आसपास. घरात पाच पंखे असतील तर हा बदल सोलर घेण्याच्या आधी करा, म्हणजे सोलरच लहान लागेल.

पायरी ७: पाणी

शंभर चौरस मीटर गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि ऐंशी टक्के हाती आला, तर ८० हजार लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला जवळपास चार महिने पुरतील इतके. नागपूरचा पाऊस सरासरी याहून थोडा जास्तच आहे. तो सगळा टाकीत मावणार नाही. पिण्या-स्वयंपाकापुरती टाकी बांधा आणि बाकीचा गाळणीतून जमिनीत मुरवा. शहराच्या पश्चिमेला बसाल्ट हा काळा खडक आहे, पूर्वेला नाइस हा त्याहून जुना खडक. पाणी कुठे मुरेल ते खडकाच्या भेगांवर अवलंबून असतं, म्हणून भूजल जाणकाराला एकदा जागेवर आणा.

सांडपाण्यासाठी बारा घरांना मोठं यंत्र नको. सेप्टिक टाकी, पुढे कप्प्याकप्प्यांची टाकी, आणि शेवटी गिट्टीवर लावलेली कर्दळ; पाणी उतारानेच वाहतं, पंप लागत नाही. निघालेलं पाणी पश्चिमेच्या झाडांना द्या.

पायरी ८: सोलर

आता गच्चीकडे या. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, दक्षिणेकडे तोंड आणि २१ अंशांच्या आसपास उतार. पॅनल उंच सांगाड्यावर बसवा, खाली वाळवण-पापडाला सावली मिळते आणि स्लॅबही कमी तापतो. कडक उन्हात पॅनल तापून उत्पादन घटतं, त्यामुळे मे महिन्याचा आकडा अपेक्षेहून कमी दिसला तर घाबरू नका. मोठं कारण बहुतेक वेळा धूळ असते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळी सहाच्या आत धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराला तीन किलोवॉट किंवा अधिकसाठी ७८ हजार रुपये अनुदान ठरलं, आणि संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार. अर्जाआधी चालू दर तपासा आणि महावितरणकडे नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज वेळेत टाका. पॅनल लागून मीटरची वाट बघणारी घरं पुष्कळ आहेत.

राहायला गेल्यावर पहिलं वर्षभर सामाईक खोलीत एक फळा ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घराचे युनिट, पाण्याच्या मीटरचा आकडा आणि गाडीचे किलोमीटर त्यावर लिहायचे. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला आतून थर्मामीटर लावून दुपारी चारला आणि रात्री अकराला नोंद करायची. आमच्याकडे हे काम नववीतल्या एका मुलीकडे आहे. तिच्या वहीत दुसऱ्या मे महिन्याचं पान पहिल्यापेक्षा वेगळं आहे, कारण दरम्यान करंज सात फुटांचे झाले होते.